सिस्टर, आधी वही काढा

शिरपूर तालुक्यातल्या एका स्टाफ नर्स भगिनींचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, झाले आहे, अकरा वर्षं खासगी हॉस्पिटलात नोकरी करते. आमच्या वस्तीतल्या बायका जिनिंगला, सूतगिरणीत, नाहीतर शेतात मजुरीला जातात. लहान मुलं दिवसभर वाऱ्यावर असतात. नोकरी सोडून वस्तीतल्या कुटुंबांसाठी एखादं केंद्र काढावं असं फार वाटतं. घरचे म्हणतात, केंद्र कसलं काढतेस, छोटा दवाखाना टाक, सलाईन-इंजेक्शनवर घर चालेल. माझं नर्सिंग तिथे कामाला येईल का? संस्था आधी नोंदवू की काम आधी सुरू करू? आणि माणसं येतील का?"

सिस्टर, दवाखान्याचं आधी निकालात काढू, कारण तो विषय मिटला नाही तर बाकीचं बोलण्यात अर्थ नाही. आपली नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची. डॉक्टरांच्या ऑर्डरवर आपण सगळं करतो, डॉक्टरांपेक्षा चांगली व्हेन आपल्याला सापडते, हे खरंच आहे. पण स्वतः तपासून, स्वतः ठरवून औषध देणं आणि बाटली लावणं हा वैद्यक व्यवसाय झाला, आणि महाराष्ट्र वैद्यकव्यवसायी अधिनियम, १९६१ प्रमाणे नोंदणीशिवाय तो करणं गुन्हा आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवा. खानदेशात गावोगाव बोगस डॉक्टरांनी लोकांना सलाईनची जी चटक लावून ठेवली आहे, त्या रांगेत आपण जाऊन बसायचं का? तुम्ही एकदा बाटली लावलीत की वस्तीसाठी तुम्ही 'बाटलीवाली बाई' होता. मग मुलाचं वजन का वाढत नाही हे विचारायला तुमच्याकडे कुणी येत नाही.

माझ्यावर ही वेळ पहिल्याच महिन्यात आली. रात्री साडेनऊला दार वाजलं. बाहेर एक ओळखीचे भाऊ, हातात मेडिकलमधून आणलेली डीएनएस सलाईनची बाटली, सेट, स्काल्प व्हेन, सगळी तयारी. "सिस्टर, घरमा अशक्तपणा शे, तेवढी बाटली लाई द्या, दोनशे रुपया देस." मी म्हटलं, बाटली लावणार नाही, पण तुमच्या घरी येते. घरी गेले तर बाईला सातवा महिना, पापण्या आतून कागदासारख्या पांढऱ्या आणि चार पावलं चालली की धाप. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन ६.२ निघालं. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे तीव्र, दाखल करण्याची केस. ती साखरमिठाची बाटली मी त्या रात्री लावली असती तर बाईला दोन दिवस हुशारी वाटली असती, आणि त्या शरीराला झेपणार नाही इतकं पाणी मीच आत सोडलं असतं. ते भाऊ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढे त्यांनीच केंद्राच्या छपराला पत्रे ठोकून दिले, पण ती नंतरची गोष्ट.

आता माझं सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. जळगावात चौदा वर्षं वॉर्ड केला, त्यातली बहुतेक लहान मुलांचा आणि बाळंतिणींचा. नोकरी सोडायला एक मूल कारणीभूत झालं. एकाच पावसाळ्यात ते तिसऱ्यांदा जुलाबाने दाखल झालं, त्याच कोपऱ्यातल्या कॉटवर. वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, ह्याचा पासच काढून द्या." त्याची आई एमआयडीसीत डाळ मिलमध्ये निवडायला जायची, सकाळी आठला घर सोडायची ते संध्याकाळी सहानंतर घरी. दीड वर्षाचा तो आणि त्याला सांभाळायला सात वर्षांची बहीण. डिस्चार्जच्या वेळी मीच तिला ओआरएसची पुडी समजावून दिली होती: एक पुडी, एक लिटर पाणी, कालवलेलं चोवीस तासांनंतर टाकून द्यायचं, आणि झिंकची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस. तिने मान डोलावली होती. एका रविवारी तिच्या घरी गेले तर पुडी कोनाड्यात तशीच. द्यायला घरात होतं कोण? सात वर्षांच्या मुलीने लिटर मोजायचा होता का?

तेव्हा नोकरी सोडली आणि पहिली चूक केली. दारावर 'आरोग्य केंद्र' अशी पाटी लावली. आत वजनकाटा, बीपी मशीन, भिंतीवर तक्ते, कोपऱ्यात तपासणीचं टेबल. वॉर्डच उचलून वस्तीत आणला म्हणा ना. माणसं आली, पण गोळ्या मागायला. गोळ्या मिळत नाहीत म्हटल्यावर तीही थांबली. दोन महिने मी आणि माझा वजनकाटा एकमेकांकडे बघत बसलो. मग चटई कारखान्यात जाणाऱ्या एका बाईने दारातूनच विचारलं, "सिस्टर, तुम्ही दिवसभर रिकाम्याच राहतात ना, मना पोऱ्याले ठी लेशात का?" माझ्या मुलाला ठेवून घ्याल का. राग आला, खोटं का सांगू. मी जीएनएम, चौदा वर्षांचा अनुभव, आणि मी मुलं सांभाळायची? पण ठेवून घेतलं. आठवड्यात चार झाली, दिवाळीपर्यंत सतरा.

म्हणून माणसं येतील का, याला माझं उत्तर असं: आरोग्यासाठी येणार नाहीत. अंगात ताप असल्याशिवाय आरोग्य ही कुणाची गरज नसते. वस्तीला अडचण कशाची आहे ते शोधा आणि त्याचं दार उघडा, आरोग्य मागच्या दाराने आत येतं. आमच्याकडे ती अडचण नऊ ते सहा या वेळेत मूल ठेवायला जागा नसण्याची होती. अंगणवाडी चांगली चालायची, पण काही तासच, आणि डाळ मिलची पाळी काही तासांत सुटत नाही. तुमच्याकडे अडचण वेगळी असू शकते. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि होळीच्या सुमारास ओसरतो, मग वर्षभराचं पाळणाघर लागेल की पाच महिन्यांचं? हे घरी बसून ठरवू नका. संध्याकाळी पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहा, पंधरा दिवसांत कळेल.

सतरा मुलं रोज समोर आली तेव्हा माझं नर्सिंग कामाला लागलं, आणि जिथे वाटलं होतं तिथे नाही. हाताचं कसब जवळजवळ लागलंच नाही. लागली ती वही. आठवा, ड्युटी संपताना आपण ओव्हर कसा देतो. कॉट नंबर तीन, रात्री दोनला १०२ ताप होता, पॅरासिटामॉल दिलं, चारला उतरला, सकाळी दूध घेतलं नाही, लक्ष ठेवा. दोन ओळींत पुढच्या सिस्टरला कळतं काय झालं आणि काय बघायचं. हे आपल्या हाडीमासी भिनलेलं असतं, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळत नाही. वस्तीत असा ओव्हर कुणीच कुणाला देत नाही. दवाखाना अंगणवाडीला सांगत नाही, शाळा आईला सांगत नाही, सासर माहेराला सांगत नाही. माणूस प्रत्येक दारात पहिल्यापासून सुरू होतो.

माझी वही म्हणजे दोनशे पानी साधं रजिस्टर. एका कुटुंबाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या बाजूला घरात कोण कोण, कुणाचं काम काय, मूळ गाव कुठलं, रेशनकार्ड कुठल्या गावचं आणि रात्री काही झालं तर हाक मारायची ती शेजारीण कोण. उजव्या बाजूला तारीख, काय दिसलं, पुढे काय बघायचं आणि कधी. हा 'कधी'चा रकाना लाल पेनाने. सगळं केंद्र त्या रकान्यावर चालतं. रोज सकाळी त्या दिवशीची लाल तारीख असलेली घरं एका चिठ्ठीवर उतरवायची आणि संध्याकाळपर्यंत तिथे जाऊन यायचं. मोबाइलवर करून बघितलं, जमलं नाही. वही बायकांसमोर उघडता येते, "हे बघ तुझं पान" म्हणून दाखवता येते. मोबाइलकडे त्या संशयाने बघतात, आणि त्यांचं काही चूक नाही. वही मात्र कुलपात ठेवायची. कुणाची पाळी चुकली, कुणाचा नवरा पितो, हे सगळं त्यात असतं. एकदा एका पाहुण्या कार्यकर्त्याने ती चाळली आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत चर्चा. ती दोन घरं मला परत मिळवायला वर्ष लागलं.

लाल रकाना मी शिकले तो एका माणसाच्या जिवावर. तिसऱ्या वर्षी आम्ही मोठं शिबिर घेतलं. मांडव, माइक, हारतुरे, फोटो. दिवसभरात इतकी माणसं तपासली की मला स्टेथोस्कोप कानातून काढायला फुरसत नव्हती. त्यात एका हमाल काकांचं बीपी १८०/११० लागलं. कागदावर लिहिलं, "डॉक्टरांना दाखवा" म्हणून तोंडी सांगितलं, आणि कागद इतर कागदांबरोबर फायलीत गेला. ते कुठे दाखवायला जाणार? त्यांना काही दुखत नव्हतं. पाचव्या महिन्यात एक बाजू गेली, बोलणं गेलं. काकूंनी मला बोल लावला नाही. "तुम्ही तर सांगेल व्हतं," म्हणाल्या, आणि तेच मला फार लागलं. सांगितलं होतं, पुढे बघितलं नव्हतं. वॉर्डात असं बीपी लिहून मी कॉटपासून हलले असते का? त्यानंतर आम्ही एकही शिबिर घेतलं नाही. देणगीदार अजूनही विचारतात, शिबिरात फोटो चांगले येतात. आम्ही सुटीच्या वारी संध्याकाळी दहा-बारा जणांचंच बीपी बघतो. १४०/९० किंवा वर लागलं की आठवड्याने परत, मग आमच्यातली एक बाई सोबत जाऊन सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखवून आणते आणि गोळी सुरू झाली की महिन्याची पट्टी संपायच्या आधीची तारीख लाल पेनाने. कंटाळवाणं काम आहे, पण होतं.

कुपोषणाचं एक उदाहरण देते, कारण तुमच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याला, हे जास्त दिसेल. मजुरीसाठी उतरलेलं पावरा आदिवासी कुटुंब होतं. मूल चौदा महिन्यांचं, आईच्या कडेवर गप्प. रडणाऱ्या मुलाची मला काळजी वाटत नाही, गप्प मुलाची वाटते. दंडाला पट्टी लावली, डावा दंड, खांदा आणि कोपराच्या मधोमध, पट्टी आवळायची नाही, ढिली पण नाही. ११.१ सेंटिमीटर. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत ११.५ च्या खाली म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. मग पावलं बघितली. अंगठ्याने तीन सेकंद दाबून सोडलं तर खळगा तसाच राहिला, दोन्ही पायांना. केळं कुस्करून दिलं तर तोंड फिरवलं. सूज आहे, भूक नाही, म्हणजे घरी बघण्यातलं नाही, पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करायचं.

आई नाही म्हणाली. इथे मी वॉर्डाच्या सवयीने आवाज चढवला, "मूल मरेल, कळतं का तुला?" ती उठून गेली. माझ्याकडे पाळण्यावर काम करणारी मावशी आहे, चौथी शिकलेली. ती संध्याकाळी तिच्या घरी गेली, चुलीपाशी बसली, भाकरी थापू लागली आणि परत येऊन सांगितलं: तिला अजून दोन मुलं आहेत, दाखल झालं तर चौदा दिवस ती कुणाकडे? मजुरी बुडते आणि मुकादमाची उचल घेतलेली आहे. म्हणजे नकार मुलासाठी नव्हताच. दोन मुलं आम्ही ठेवून घेतली, रात्री शेजारणीकडे झोपली. दाखल असताना आईला जेवण आणि बुडीत मजुरी मिळते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुकादमाशी मावशीचे मालक बोलले. तिसऱ्या दिवशी मूल दाखल झालं. सतराव्या दिवशी परत आलं ते मावशीचे केस ओढत.

म्हणून विसरायचं काय, ते सांगते. आपला आवाज. आपण 'सांगतो', रुग्ण ऐकतो, कारण तो कॉटवर आडवा असतो. वस्तीत तो उभा असतो आणि स्वतःच्या उंबऱ्यात असतो. मला ही सवय मोडायला चार वर्षं लागली, अजूनही कधीकधी मावशी टेबलाखालून पाय दाबते. दुसरं, भाषा. तुम्ही घरी अहिराणी बोलत असाल तर केंद्रातही तीच बोला, नोकरीतली पुस्तकी मराठी गेटाबाहेर ठेवा. "बसा, काय त्रास होतोय?" म्हटलं की बाई "काही नाही" म्हणते. "बठ वं माय, काय व्हयनं?" म्हटलं की ती सासूपासून सुरू करते. तिचा आजार तिथेच कुठेतरी असतो. पावरी मला अजून नीट येत नाही. ती बोलणारी मुलगी आधी शोधा, मग पावरा कुटुंबात जा.

त्यांच्याबद्दलच अजून एक. भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, लक्षात ठेवा. मूल थंडीत हातपाय दुखतात म्हणून रडतं, डोळे पिवळे दिसतात, वरचेवर ताप. घरचे वारा लागला म्हणतात, आणि आपल्यासारखेही संधिवात समजतात. सोल्युबिलिटी टेस्ट आरोग्य केंद्रात होते, पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी होऊन वाहक आहे की आजार आहे ते कळतं. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत, पण कार्ड हातात पडतं आणि त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. वाहकाचं कार्ड मिळालेल्या मुलीला 'आजारी' ठरवून लग्न मोडल्याचं मी बघितलं आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे, दोघंही वाहक असतील तर बाळाला आजार होण्याची शक्यता दर वेळी चारात एक, हे शांतपणे दोन्ही घरी बसून सांगावं लागतं. आजार असलेल्या मुलाला आपल्या मे महिन्यात पाणी कमी पडलं तरी दुखणं उसळतं. अशा मुलांची पाण्याची बाटली केंद्रात वेगळी ठेवतो, लाल टोपणाची, ती दुपारपर्यंत संपली की नाही हे मावशी बघते.

कागद वाचून दाखवणं ही आमची दुसरी मोठी सेवा झाली, ठरवून नाही. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, शाळेची नोटीस, विजेचं बिल, बचत गटाचं कर्ज. बायका पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा काढतात आणि समोर ठेवतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, हे माहीत नसल्याने शेत गहाण ठेवलेलं घर माझ्या वहीत आहे. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५ हजार, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. पैसे अडतात ते आधार आणि बँक खात्याच्या नावातल्या एका काना-मात्रेसाठी. माहेरचं नाव, सासरचं नाव, आपल्याकडे हा घोळ घरोघर. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म निघाले तेव्हा महिन्याच्या १,५०० रुपयांसाठी आमच्या दाराशी सकाळी सहापासून रांग असायची. फॉर्म भरायला बसलेल्या प्रत्येक बाईचं आम्ही बीपी बघून घेतलं. मांडव नाही, माइक नाही, आणि कुठल्याही शिबिरात न येणाऱ्या चाळिशीच्या बायका त्या रांगेत सापडल्या.

आशाताई आणि अंगणवाडी सेविकांशी स्पर्धा करू नका. त्यांना आधी जाऊन भेटा, आणि केंद्रात काही चांगलं झालं तर त्यांचं नाव पुढे करा. आमच्या मुलांची वजनं अंगणवाडीच्याच काट्यावर होतात, त्यांच्याच नोंदीत जातात, मी फक्त माझ्या वहीत उतरवून घेते. पहिल्या वर्षी मी स्वतंत्र वजनं घ्यायचे, दोन आकडे वेगळे यायचे आणि सेविकेला वाटायचं मी तिच्या चुका काढते. काही प्रमाणात काढतही होते.

जागेचं. मला पहिली जागा फुकट मिळाली, एका मंदिराचा सभामंडप. थंडगार, झाडलोट केलेली. सहा महिन्यांनी लक्षात आलं, मागच्या गल्लीतल्या मुस्लिम आणि तडवी घरांतून एकही मूल येत नाही. कुणी अडवलं नव्हतं. पण पायरी चढायची कशी, हा प्रश्न त्यांना पडत होता आणि मला दिसत नव्हता. मग पाण्याच्या टाकीजवळची पत्र्याची खोली भाड्याने घेतली. उन्हाळ्यात भट्टी. जळगाव-भुसावळचं ऊन तुम्हाला सांगायला नको, पारा ४५ च्या वर जातो. छपरावर ओली गोणपाटं टाकतो, मे महिन्यात मुलांना अकराच्या आत शेजारच्या पक्क्या घरात हलवतो. तरी ती खोली मी सोडणार नाही. पुढाऱ्याने बांधून दिलेली इमारतही नको, निवडणूक आली की दारावर कुणाचं तरी तोंड लागतं.

पंचांग सांभाळा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस काही नवं सुरू करू नका, लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, कुणाला तुमच्या बैठकीत रस नसतो. उलट माहेरी आलेली बाळंतीण, गरोदर मुलगी त्याच दिवसांत भेटते, तर घरी जाऊन भेटा, आंब्याचा रस खाऊन या. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या उत्सवाआधी सगळं घर धुऊन निघतं, भाऊबंद गोळा होतात. त्या आठवड्यात पाळण्यात मुलं कमी आणि गल्लीत गप्पा जास्त. दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर गुजरातकडे जाणारी कुटुंबं वहीतून एकदम गायब होतात. त्यांच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो आणि मुकादमाचा नंबर दसऱ्याच्या आधी घेऊन ठेवा.

पैशाबद्दल घरच्यांची काळजी रास्त आहे, त्यांना खोटं सांगू नका. मला तीन वर्षं केंद्रातून एक रुपया मिळाला नाही. आठवड्यातून दोन नाइट एका खासगी हॉस्पिटलात करायचे, मालकांचा पगार होता म्हणून निभावलं. तुमचं घर तुमच्या एकटीच्या पगारावर असेल तर पूर्ण राजीनामा देऊ नका, अर्धवेळ ड्युटी मिळते का बघा. कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण काही झालं तरी चुकवू नका. पाळण्याचे पैसे घ्या, थोडे का होईना, पण घ्या. फुकट ठेवलं तेव्हा आया कधीही यायच्या, कधीही न्यायच्या. रोजचे दहा रुपये केले, तर "आज सहाच्या ऐवजी साडेपाचलाच का बंद?" असं भांडायला लागल्या. ते भांडण मला फार आवडलं.

संस्था नोंदवण्याची घाई नको. पहिले सहा महिने आपल्या घरच्या ओट्यावर मुलं सांभाळा, वही लिहा, पण तोवर केंद्राच्या नावाने कुणाची देणगी घेऊ नका. नंतर सात जण जमवून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करा. त्यात नवरा, दीर, नणंद भरू नका, सात सह्या लवकर होतात आणि सतरा वर्षं पुरतात. वस्तीतल्या किमान तीन बायका घ्या, अंगठा उठवणारी असली तरी चालेल. मी पहिल्यांदा 'मोठी' माणसं घेतली होती. त्यातल्या एकाने सभेला न येता सही अडवून धरली, संस्थेतल्या बदलाचा अर्ज वेळेत गेला नाही, आणि मी दोन वर्षं कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. दरवर्षीचं ऑडिट पहिल्या वर्षापासून करा, उलाढाल पाच हजारांची असली तरी. करसवलतीचं, कंपन्यांच्या निधीचं नंतर बघता येतं. कंपनीचा पैसा आला की आकडे मागतात, आणि आकड्यांसाठी माणसं पुन्हा शिबिरं घ्यायला लागतात.

दोन वर्षांपूर्वी पावसात पाय घसरून माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. वही लिहिणं बंद, म्हणजे केंद्र बंद, असं मी घरच्यांना सांगूनही टाकलं. परत गेले तर वहीत सहा आठवड्यांच्या नोंदी होत्या, मावशीच्या अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घाची ऐशीतैशी. एका पानावर: "दोन पोरे उनात नही. घर जाईसन दखं. माय बिमार. धाकलाले जुलाब, पुडी पाजी, मंगळवारे परत दखनं." 'उनात नही' म्हणजे आली नाहीत. मंगळवार लाल पेनाने. आणि मंगळवारी खाली: "बरं शे." माझ्या इनचार्ज सिस्टरांनी असा ओव्हर बघितला असता तर काही बोलल्या नसत्या, फक्त सही केली असती. तेव्हापासून सकाळची चिठ्ठी ती काढते. मी दुपारी जाते.

तुमच्या जागी मी असते तर आत्ता राजीनामा न देता वही घेतली असती आणि ड्युटीवरून येताना रोज दोन घरं लिहिली असती. दसऱ्यापर्यंत पन्नास घरं होतील, तोवर कपाशीची वेचणी सुरू झालेली असेल आणि मुलं कुठे ठेवायची हा प्रश्न तुम्हाला बायकाच विचारतील. आमचं केंद्र बघायला यायचं असेल तर जरूर या, मावशींना भेटा, माझ्यापेक्षा त्या नीट सांगतील. फक्त एक ते तीनच्या मध्ये येऊ नका, मुलं झोपलेली असतात आणि पत्र्याचं दार फार वाजतं.